खुर्चीत बसल्याचे तीन गुण

तीर्थस्वरूप भाऊजी,

इतक्या लांबून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (थोडं कमीच वाकलोय. कंबर धरली आहे, कारण पुढे येईल.) तुमचा गुडघा कसा आहे? ताई म्हणत होती, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितल्यापासून तुम्ही रोज डॉक्टर बदलताय. तरी प्रकृतीला जपा. मी इथे खुशाल आहे. निदान ताईला फोनवर तसंच सांगतो.

मी इथे का आलो हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण मलाच अधूनमधून विसरायला होतं, म्हणून लिहून ठेवतो. सव्वीस वर्षं मी मुलांना संस्कृत शिकवलं आणि मग आमच्या संस्थेने ठराव केला, की यापुढे प्राचार्य व्हायचं तर व्यवस्थापनाची पदवी पाहिजे. उमेदवार दोनच, मी आणि भूगोलवाले. भूगोलवाल्यांकडे ती पदवी आधीपासून आहे (टपालाने मिळवलेली, पण पोचली तर खरी). तेव्हा एकावन्नाव्या वर्षी मी आमच्याच कॉलेजात, ज्यांना कधी काळी नापास केलं होतं त्यांच्याच बाकावर जाऊन बसलो. पुढे परदेशी विद्यापीठाशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण ठरली आणि आमच्या वर्गात तयार पासपोर्ट नेमका माझ्या एकट्याकडे निघाला. सत्रापुरतं आपण त्यांना मी दिला आणि त्यांनी आपल्याला एक विशीतली, चलाख, चार भाषा बोलणारी मुलगी दिली. या व्यवहारात कोण बुडालं, ते व्यवस्थापनाचा विद्यार्थी म्हणून मी सांगू शकतो, पण सांगत नाही. इथे एका जरी विषयात नापास झालो तरी सत्र फुकट, पदवी नाही आणि भूगोलवाले प्राचार्य. एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

वसतिगृहाची खोली बरी आहे. स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलीने मला नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजून गळकी तोटी दाखवली. 'मी विद्यार्थी आहे' हे पटवून देण्यापेक्षा नळ दुरुस्त करणं सोपं वाटलं. (वॉशर गेला होता.) आमच्या बाई माझ्या भाचीच्या वयाच्या. मला नावाने हाक मारा, असं त्यांनी सगळ्यांना बजावलंय. गुरूला नावाने हाक मारायची सोय माझ्या जिभेत नाही, त्यामुळे गेले तीन महिने मी त्यांच्याशी बोलण्याआधी नुसता खोकतो. त्यांनी मला दोनदा घशाच्या गोळ्या दिल्या.

आता मूळ कथा. बाईंनी चौघाचौघांचे गट पाडून प्रत्येकाला एकेक धंदा सुधारायला दिला. माझ्या गटात एक घड्याळबाई (दर दोन मिनिटांनी किती वेळ उरला ते सांगते), एक होहोराव (कुणी काहीही म्हटलं तरी 'वा, फारच छान!') आणि एक रंगारी, जो आकड्यांना रंग देतो. आमच्या वाट्याला आला एक सुतार कारखानदार. त्याने दोन वर्षांपूर्वी आरामखुर्चीचा नवा, देखणा नमुना काढला आणि तेव्हापासून त्याची विक्री निम्म्यावर आली. का आली, ते शोधायचं. तिघांनी आठ दिवसांत बेचाळीस रंगीत तक्ते काढले. सगळ्यांत रेघ खाली जात होती, आणि ती खाली जाते हे सुतार आम्हाला आधीच सांगून चुकला होता.

मी आपला त्याच्या दुकानात गेलो आणि त्या खुर्चीत बसलो. बसलो तो छान बसलो. उठता मात्र येईना. मालक आणि विक्रेता, दोघांनी मिळून मला उपसून काढलं. (कमरेचं कारण ते हे.) मग दुसऱ्या, जुन्या खुर्चीत बसून मी गिऱ्हाइकं न्याहाळली. तासाभरात अकरा जण आले, बहुतेक साठीच्या पुढचे. प्रत्येक जण बसला, हसला, अडकला, ओढून काढला गेला आणि 'येतो पुन्हा' म्हणून जो गेला तो गेलाच. मी मालकाला म्हटलं, चार बोटं उंच करा आणि रेटा द्यायला भक्कम हात बसवा. त्याने तशा सहा करून ठेवल्या, आठवड्यात सहाही विकल्या गेल्या. आमच्या गटाची वाहवा झाली.

मग आलं गुणपत्रक. गटातल्या प्रत्येकाने स्वतःला आणि इतरांना दहापैकी गुण द्यायचे, समोर कारण लिहायचं. मी तिघांना दहा-दहा दिले. स्वतःला शून्य, आणि समोर लिहिलं: 'माझा वाटा नगण्य. जे घडलं ते सहकाऱ्यांमुळे.' भाऊजी, तुम्हीही दुसरं काय लिहिलं असतंत? (तुमचं सोडा. ताईने काय लिहिलं असतं?) आपल्याकडे एकाने 'मी कसलं काय केलं' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'छे छे, भलतंच काय बोलता' म्हणायचं, मंत्र दोघांनी मिळून पुरा करायचा असतो. माझा अर्धा म्हणून झाला. उरलेला अर्धा म्हणायला इथे माणूसच नाही.

बाईंनी बोलावलं. मी खोकलो.

"तुम्ही स्वतःला शून्य दिलंत?"

"हो."

"म्हणजे काहीच केलं नाहीत?"

"तसं नाही. पण आपणच आपल्याला कसे देणार?"

"रकाना आहे की त्यासाठी!"

"ते इतरांनी द्यायचे असतात ना?"

"इतरांनी दिलेत. तिघांनी मिळून तीन."

कागद पाहिला. तिघांनी स्वतःला नऊ-नऊ, दहा-दहा दिले होते, आणि माझ्यासमोर घड्याळबाईने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'एक तास पाच मिनिटं खुर्चीत बसले होते.' रंगाऱ्याने लिहिलं, 'दोन खुर्च्यांत बसले.' होहोरावाने, 'फारच छान बसले.' यातलं एक अक्षर खोटं नाही, म्हणून भांडताही येईना. माझी कबुली आणि तिघांची साक्ष असा तंतोतंत मेळ फाशीच्या खटल्यातही बसत नसेल.

बाई मनाने चांगल्या. म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत एक पान लिहून द्या. 'मी काय केलं'. प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू झालं पाहिजे. नाही दिलंत तर नापास. तेव्हापासून चार खर्डे झाले. पहिल्यात तिसऱ्या ओळीला 'मी'चं 'आमच्या गटाने' झालं. दुसऱ्यात सगळं श्रेय सुताराला गेलं. तिसऱ्यात 'खुर्चीत बसणे घडले' असं आलं. कोणाकडून घडलं, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. चौथा खर्डा शेवटी आभारप्रदर्शनच झाला आणि त्यात मी खुर्चीचेसुद्धा आभार मानले. आत्मस्तुती म्हणजे आत्महत्या असं लहानपणी जे मनावर कोरलं गेलं, ते काही घशाच्या गोळीने जाणार नाही.

असो. ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमचा, लग्नात ताईसोबत गळ्यात पडलेला,
मेहुणा

ता. क. : पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. ते एक पान तुम्ही लिहून पाठवाल का? तुमच्या निरोप समारंभात सहा जणांची भाषणं वीस मिनिटांत उरकली आणि तुमचं स्वतःचं सव्वा तास चाललं. त्यात 'मी' किती वेळा आलं ते ताईने बोटांवर मोजलं आणि बोटं संपल्यावर शेजारणीची घेतली. भिजलेल्या फायली तुम्ही एकट्याने कशा वाळवल्या, ते भाषण मला पाठ आहे. फायलींच्या जागी खुर्ची घाला, झालं. मी भाषांतर करीन आणि डोळे मिटून सही करीन. गुरुवारपर्यंत ई-मेलने यावं.

आणखी ता. क. : ते पान चुकूनही आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या दृष्टीस पडू देऊ नका. रोज दुपारी ते तुमच्याकडे पत्ते खेळायला येतात, म्हणून सांगतो. 'सर स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाहीत' एवढ्यासाठीच त्यांचा ओढा माझ्याकडे आहे. ते पान त्यांनी वाचलं तर पदवी मिळूनही भूगोलवालेच प्राचार्य होतील. डावात माझा विषय निघालाच, तर तुम्ही मोकळेपणी माझी स्तुती करा. आणि मी तुम्हाला तसं काही सांगितलेलं नाही, हेही आठवणीने सांगा.