रविवार नसलेलं वेळापत्रक

चि. गोगल हिला,

दादाचे अनेक आशीर्वाद. (पन्नाशी कधीच ओलांडलेल्या बाईला गोगल म्हणू नये हे मला कळतं. पण नऊ वर्षांत मी तुला कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही, तेव्हा शेवटचं जे तोंडात होतं तेच लिहिलं.) तुझी तब्येत बरी असेल. मेहुण्यांचा गुडघा आता जिना चढू देतो हे ऐकून बरं वाटलं. कुणाकडून ऐकलं ते विचारू नकोस. दर रविवारी सकाळी तुझा आणि वहिनीचा फोन चालतो तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असतो, आणि आमच्या भिंती बांधणाऱ्याने सिमेंटमध्ये काटकसर केली आहे, त्याला मी काय करू? एकच पान वाचायला तुम्हाला पाऊण तास कसा लागतो, असं वहिनी विचारते. हल्ली छपाई फार बारीक करतात.

पत्राचं कारण असं, की पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आठवडाभर तुझ्या शहरात येतो आहोत. लगेच ऊर भरून आणू नकोस. तुझ्याकडे येत नाही, शहर बघायला येतो आहोत, आणि शहर काही तुझ्या एकटीचं नाही. तू नव्या घरात राहायला गेलीस आणि सगळ्यांना जेवायला बोलावलंस, तेव्हा मी केवळ प्रेमापोटी तुला त्या दिवसाचं वेळापत्रक करून पाठवलं होतं. पहिला तास स्वागत, दुसरा तास घर दाखवणे (पाच-पाच जणांच्या तुकड्या पाडून), तिसरा जेवण, चौथा आभार आणि निरोप. काय वाईट होतं सांग! त्यावर तुझं उत्तर आलं की दादा, तुझी शाळा तुझ्यापाशीच ठेव, आणि तूही तिथेच राहा. मी राहिलो. धाकट्या बहिणीचा शब्द मोठ्या भावाने नऊ वर्षं पाळल्याचं दुसरं उदाहरण दाखव मला. पण त्याचं कौतुक राहिलं बाजूलाच, मीच हेकट ठरलो.

असो. तर शहर बघायचं म्हटल्यावर नियोजन आलं. ज्याने एकतीस वर्षं बावीस तुकड्यांचं आणि चौतीस शिक्षकांचं वेळापत्रक लावलं, आणि ते लावताना चित्रकलेच्या बाई आणि पीटीचे सर यांचा ऑफ तास कधी एका वेळी येऊ दिला नाही (कारण अख्ख्या शाळेला माहीत होतं, फक्त त्या दोघांच्या घरी नव्हतं), त्याला एक शहर म्हणजे किस झाड की पत्ती! आमच्या शेजारच्या बँकवाल्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली होती. ते तुझ्या शहरात दोनदा येऊन गेलेत, एकदा लग्नाला आणि एकदा पित्ताशयाचे खडे काढायला. त्यामुळे त्यांना तिथलं एक कार्यालय आणि एक हॉस्पिटल एवढंच ठाऊक आहे, पण बोलतात असं की शहर त्यांनीच वसवलं. हॉस्पिटलची लिफ्ट जरूर बघा म्हणाले. मी मान डोलावली आणि घरी येऊन वेळापत्रकाचा पुठ्ठा आखायला घेतला. संग्रहालय म्हणजे इतिहास, ते सकाळी डोकं ताजं असताना. मोठी बाग जेवणानंतर, पीटीच्या तासाला. बाजाराला मी कार्यानुभवाचा एक तास दिला होता, पण वहिनीने तो मुख्य विषय असल्याचं सांगून चार करून घेतले. बुधवारी तळ्याकाठचं गाव आणि शुक्रवारी डोंगरावरचा किल्ला, दोन्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. ही प्रात्यक्षिकं, म्हणून जोडतास.

आता सरावाशिवाय परीक्षेला बसवायचं हे माझ्या तत्त्वात नाही. म्हणून आधी संग्रहालयाची तालीम घेतली. आमच्या गावात संग्रहालय नाही, पण फर्निचरचं तीन मजली दुकान आहे. तिथे गेलो, हात पाठीमागे बांधले आणि प्रत्येक कपाटापुढे दीड-दीड मिनिट शांतपणे उभे राहिलो. मी वहीत टिपणं काढत होतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत मालकाला घाम फुटला. आम्ही करखात्याची माणसं आहोत अशी त्याची पक्की समजूत झाली, आणि त्याने आम्हाला सोफ्यावर बसवून दोन सरबतं मागवली आणि सगळं कसं नियमात आहे ते न विचारता सांगून टाकलं. (नियमात नव्हतं.) मी खरं सांगितलं, की आम्ही फक्त बघायला आलोय, काही घ्यायचं नाही. त्यावर त्याचा चेहरा आणखीच उतरला. वहिनीला मात्र सोफा आवडला. तो आला की कुठे ठेवायचा हे तिने तिथेच ठरवलं, आणि परवा तो आलाही. म्हणजे प्रवास सुरू व्हायच्या आधीच इतिहासाच्या तासाचं सामान घरात आलंय.

खरी फजिती झाली ती दुसऱ्या तालमीत. दिवसभराच्या सहलीचा सराव म्हणून आम्ही एसटीने जवळच्या धरणावर निघालो. मध्ये एका स्टँडवर गाडी थांबली. मी घड्याळ बघून दहा मिनिटांची मधली सुट्टी जाहीर केली आणि चहाला उतरलो. ड्रायव्हरची सुट्टी सात मिनिटांची होती. कप हातात घेऊन वळतो तो काय, गाडी गेलेली! आणि गाडीबरोबर बायको, डबा, पाण्याची बाटली आणि वेळापत्रकसुद्धा. माझा फोनही डब्याच्याच पिशवीत. एकतीस वर्षांच्या नोकरीत मला कधी उशीर झाला नव्हता, तो झाला आणि तोही दहा मिनिटांच्या आत. पुढची गाडी चार तासांनी होती. वहिनी एकटीच धरणावर गेली, होडीत बसली, कणीस खाल्लं, अनोळखी बायकांशी मैत्री केली आणि संध्याकाळी परतताना मला त्याच स्टँडवरून उचललं. अहो, काय मजा आली म्हणून सांगू, असं घर येईपर्यंत सांगत होती. आयुष्यातली सगळ्यात छान सहल म्हणे. मी शेजारी बसून ऐकून घेतलं.

पण ते चार तास, गोगल. माझ्याकडे करायला काहीही नव्हतं. बाकावर बसलो होतो आणि समोरच्या भिंतीवर मुंग्यांची रांग चालली होती. तू पहिलीत असताना मी तुला हाताला धरून शाळेत न्यायचो, आणि प्रत्येक भिंतीपाशी तू मुंग्या बघत थांबायचीस. मी ओढायचो, तू बसकण मारायचीस. म्हणून तर तुझं नाव गोगलगाय पडलं. (पोटात पाय आहेत हे नंतर कळलं.) तुझ्यापायी मला, वर्गाच्या मॉनिटरला, रोज बाहेर उभं राहायला लागायचं. दादा, बघ ना, ती एक उलटी चाललीय, असं तू म्हणायचीस आणि माझं लक्ष शाळेच्या टोलाकडे. परवा मी ती रांग शेवटपर्यंत पाहिली. त्यात खरोखरच एक उलटी चालली होती. बावन्न वर्षं उशीर झाला खरा, पण पाहिली. मग उगाचच डोळे भरून आले. स्टँडवर धूळ फार असते.

यानंतर नियोजनात एवढीशी त्रुटी निघाली. फ्रिजवर लावलेल्या पुठ्ठ्याच्या उजव्या कडेला बोट ठेवून वहिनीने विचारलं, आणि रविवार? बघतो तर रविवार नाहीच! सोमवार ते शनिवार सहा रकाने. एकतीस वर्षांची सवय गं, शाळेच्या वेळापत्रकाला रविवार कुठून येणार? बरं, हॉटेलची खोली मी त्या पुठ्ठ्यावरूनच ठरवलेली, शनिवारी दुपारपर्यंत, कारण शनिवारी अर्धी शाळा. तिकीटवाल्याने मात्र तोंडी विचारलं, किती दिवसांनी परत, आणि मी सरळपणे म्हणालो, आठवड्याने. त्याने सोमवार सकाळचं तिकीट दिलं. म्हणजे शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत आम्ही दोघं आणि तीन बॅगा तुझ्या शहराच्या रस्त्यावर. हॉटेलला फोन केला तर त्या दोन रात्री खोली नाही. दातांच्या डॉक्टरांचं संमेलन आहे म्हणे. शहरात दुसरी हॉटेलं असतीलही, पण दातांचे डॉक्टर किती असतात याची तुला कल्पना नाही.

तरी तू काळजी करू नकोस. हे सगळं आपलं सहज कळवलं, पत्रात काहीतरी लिहायला हवं म्हणून. मेहुण्यांना नमस्कार सांग, जिना जपून चढा म्हणावं.

तुझा,
दादा

ता. क. : स्टेशनवर प्रतीक्षालय चांगलं आहे असं बँकवाले म्हणतात. माझी काही हरकत नाही, पण वहिनीची कंबर बाकावर टिकायची नाही. तुझ्याकडे एक सतरंजी पसरण्यापुरती जागा असेल तर केवळ तिच्यासाठी विचारतोय. मी बाहेर व्हरांड्यात बसेन.

ता. क. दुसरा : वेळापत्रक आणणार नाही. तू उठवशील तेव्हा उठेन, वाढशील तेव्हा जेवेन. आणि जमलं तर घर दाखव. आता आम्ही दोघंच आहोत, तुकड्या पाडाव्या लागणार नाहीत.

ता. क. तिसरा, यांच्या नकळत : वन्सं, मी वहिनी. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. हॉटेलला यांनी फोनबिन काही केलेला नाही. मी केला. खोल्या हव्या तेवढ्या आहेत, आणि दातांच्या डॉक्टरांचं तिथे कुणी नावही ऐकलेलं नाही. रविवार विसरले हेही खोटं. पुठ्ठा आखला तेव्हा सगळ्यात आधी रविवारचाच रकाना भरला होता, मी स्वतः पाहिलाय. मग रबराने खोडला, परत लिहिला, परत खोडला, आणि शेवटी ती पट्टी कात्रीने कापून टाकली. ती मला यांच्या चष्म्याच्या डबीत सापडली. आठही तासांना तुमचंच नाव आहे, आणि मधल्या सुट्टीतसुद्धा.

तर येत्या रविवारी फोन कराल तेव्हा मी मुद्दाम आंघोळीला गेलेली असेन. भरपूर वाजू द्या. अगदीच नाइलाज झाल्याशिवाय हे उचलायचे नाहीत.