दंडावरची गाठ

शुक्रवार, वलगाव. ईद होऊन आठवडा झाला.

आज ह्यांचा फोन आला. दुबईचा व्हिसा पुन्हा संपला, म्हणून समुद्रापलीकडे इराणच्या किश बेटावर जाऊन बसलेत. नवा आला की परत दुबईत शिरायचं. शिलाईचा कारखानेवाला पक्का परवाना काढत नाही, पाहुण्याच्या व्हिसावरच राबवून घेतो.

कापसाचा भाव पडला, लोकांनी ईदेलाही नवे कपडे शिवणं सोडलं, ह्यांचं शिलाईचं दुकान बसलं. म्हणून गेले, ते मला कळतं. पण दुबई सोडून परत तिथेच जायचं, तर मधले दिवस इकडे का नाही? आज विचारलंच.

"घरी आलो त लोक इचारतील, काय आणलं."

माझ्या ओठांवर आलं होतं, मी नसतं विचारलं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन घेतला. अम्मींना एकच काळजी, इमाम जामिन. निघताना ह्यांच्या दंडावर हिरव्या कापडात नाणं बांधलं होतं. मुक्कामी सुखरूप पोचलं की सोडायचं आणि नाणं गरिबाला द्यायचं.

"सोडला का रे?"

"नाई अम्मी. पोचलो कुठं अजून?"

अम्मी खूश. म्हणे, अजून राखण आहे त्याच्यावर.

दंडावरची ती गाठ मीच मारली होती, सुटू नये अशी. बांधायलाच नको होता. राखण नसती, तर भिऊन तरी घरी आले असते.