प्रणोतीचा पंखा

मी, नीलकंठ दिनकर खानवलकर, वय ७३, मोटर वाइंडिंगचा कारागीर, राहणार मदनमहल, जबलपूर, शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे, डॉ. चिन्मयी यांनी तपासून तसा दाखला दिला आहे.

१. राहतं घर मुलगा आलोक आणि मुलगी प्रणोती यांना निम्मं-निम्मं. बँकेतली ठेव पत्नी अनसूया हिची. तिनं ती नातवंडांवर उधळू नये, ही विनंती. ऐकणार नाही, हे माहीत आहे.

२. वाइंडिंगचं दुकान, अवजारांसह, एकट्या प्रणोतीचं. आलोकनं वाईट वाटून घेऊ नये. कारण लिहितो.

२०१९च्या उन्हाळ्यात भेडाघाटच्या योगेंद्रजींच्या कारखान्यातली संगमरवर कापायची मोटर तीनदा जळाली. तिन्ही वेळा वाइंडिंग आमचंच. भर दुकानात ते म्हणाले, "खानवलकरजी, तांबा असली लगाते हो कि नहीं?" माझा तोल गेला. अठरा वर्षं सोबत असलेल्या सचिनवर मी हलकी तार वापरल्याचा आळ घेतला. त्यानं हातातलं काम पूर्ण केलं आणि आपल्या गावी, मझौलीला, निघून गेला.

प्रणोती मात्र कारखान्यात गेली. अर्धा दिवस त्या धुरळ्यात मोटरपाशी उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "बाबा, काहून जळून राहिली ते समजलं. त्यांनी वेग कमी करायला ड्राइव्ह बसवलाय. पंखा मोटरच्याच शाफ्टवर. मोटर हळू फिरली की पंखाही हळू. ओझं तेवढंच, वारा अर्धा."

मी म्हणालो, "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात."

"मग चला, हात लावून बघा."

गेलो. मोटर इतकी तापली होती की हात टेकवेना. तिनं शाफ्टवरचा पंखा काढला आणि मागे वेगळा पंखा बसवला, स्वतःच्या छोट्या मोटरवर चालणारा. मुख्य मोटर कितीही हळू फिरो, हा आपला पूर्ण वेगानं वारा घालतो. फटींत साचलेली दगडाची भुकटीही तिनं स्वतः खरवडली. ती मोटर आजवर पुन्हा जळाली नाही. इतका साधा, इतका नेमका इलाज मला आयुष्यात सुचला नाही.

तरी योगेंद्रजींना मी सांगितलं, "मैंने ढूँढ निकाला." त्यांनी मला शाल-श्रीफळ दिलं. प्रणोती मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती.

३. ती शाल प्रणोतीची.

४. सचिनला प्रणोतीनंच समजावून परत आणलं. माझ्याशी तो कामापुरतंच बोलतो. तार निर्दोष होती, तोही निर्दोष होता. हवी तितकी वर्षं त्यानं दुकानात काम करावं. अवजारांतलं वाइंडिंगचं मशीन तेवढं त्याचं.

५. हे सगळं माझ्या माघारी कळावं, असा बेत होता. लिहिताना त्याची लाज वाटली. म्हणून आज सकाळी सर्वांना बोलावून वाचून दाखवलं. योगेंद्रजींनी उठून प्रणोतीला हात जोडले. सचिन म्हणाला, "दादा, तोंडानं बोलले तेवढं बस्स झालं. कागदात काहून?"

म्हटलं, कागदातही राहू दे. तोंडानं मी खोटंही बोललो आहे.

वाचून, समजून सही केली.

नीलकंठ दिनकर खानवलकर

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही झाली:
१. योगेंद्र पटेल, भेडाघाट
२. डॉ. चिन्मयी सप्रे, जबलपूर

जबलपूर, १२ ऑक्टोबर २०२५