या की एकदा घरी

ति. अक्कास,

प्रभुलिंगचे शरणु शरणार्थी, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळे, कारण मागच्या वेळी डाव्याची चौकशी केली तर उजव्याला राग आला म्हणालीस. तेल लावतेस ना? भावजी कसे आहेत? (होते तसेच असणार, पण विचारलं नाही तर तू आठवडी बाजारात माझा उद्धार करशील.) आम्ही इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितोय. फोनच करणार होतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि निम्मं मंद्रूप माझं बोलणं ऐकून मधेच सल्ले देतं. शिवाय आमच्या घरात हल्ली मोठ्यानं बोलायची सोय उरलेली नाही. का, ते सांगतो.

शिवानीचं लग्न ठरल्याचं तुला ठाऊकच आहे. मुलाकडचे पुण्याचे. त्यांच्यात हळदीच्या आधी 'संगीत' असतं आणि त्यात पोरीच्या आईबापानं एकमेकांना धरून नाचायचं असतं. मी म्हटलं, आपल्यात वरातीत नाचतात, तेही बाप सोडून बाकीचे. तर पोरगी फोनवर रडली. तिच्या रडण्यापुढं माझं कधी काही चाललंय का? रेल्वे लाईन्समधल्या एका जुन्या क्लबच्या हॉलवर पायल नावाची मुलगी सकाळी झुंबा आणि संध्याकाळी 'कपल डान्स' शिकवते, तिच्याकडे गुपचूप नाव घातलं. मार्केट यार्डात कुणाला कळलं असतं तर माझी तूरडाळ कुणी घेतली नसती.

त्यात वॉल्ट्झ म्हणून एक प्रकार आहे. पुरुषानं बाईला चौकोनात फिरवायचं, आणि कुठं वळायचं ते तोंडानं सांगायचं नाही, हातानं नुसतं सुचवायचं. आता मी श्रीदेवीला आजवर काही नुसतं सुचवलेलं नाही, आणि तोंडानं सांगितलेलं तिनं कधी ऐकलेलं नाही. पायल इंग्रजीत मोजायची, मी मराठीत आणि श्रीदेवी कानडीत (ओंदु, एरडु, मूरु). तिन्ही भाषांचा शेवट एकाच पायावर व्हायचा, आणि तो पाय श्रीदेवीचा असायचा. पायल म्हणाली, काका, तुम्ही काकूंना पोत्यासारखं धरता. दुकानात बसणाऱ्या माणसाला दुसरं काय धरायची सवय असणार, तूच सांग की!

हॉलच्या टोकाला, जिथली ट्यूबलाइट लागत नाही, तिथं भिंतीकडेला खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यातल्या एकीवर रोज एक वयस्कर गृहस्थ बसलेले असायचे. तपकिरी सूट, केस तेल लावून चोपून बसवलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. गाणं लागलं की त्यांचा बूट ताल धरायचा, पण त्या लाकडी जमिनीवर त्याचा आवाज मात्र व्हायचा नाही. बघायचे ते श्रीदेवीच्या पायांकडं. मला वाटलं, पायलचे आजोबा असतील.

आता माझी चूक ऐक. (चूक तरी कशी म्हणू? अण्णांनी आपल्याला जे वळण लावलं, तेच केलं.) एका संध्याकाळी निघताना वडीलधारं माणूस समोर दिसलं, तर न बोलता कसं जायचं? मी हात जोडून म्हटलं, बराय, येतो, या की एकदा घरी चहाला. अगं, हे वाक्य सोलापुरात दिवसभर कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणत असतं आणि कुणीही कुणाच्या घरी जात नाही, म्हणून तर सगळ्यांचे संबंध टिकून आहेत. समोरच्यानं 'येऊ की' म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "नक्की येऊ?"

असं कुणी विचारतं का गं? मी गडबडलो. गडबडलो की माझ्या तोंडातून आणखी गोड निघतं. म्हटलं, या की, घर तुमचंच आहे.

स्कूटरवरून जुळे सोलापुरात घरी पोचलो, तर ते आमच्या बंद दाराशी उभे. पत्ता मी दिला नव्हता. पायरीवर त्यांचे बूट काढून ठेवलेले, टोकं घराच्या आत वळवलेली. श्रीदेवीनं चहा टाकला. वाफाळता कप त्यांच्या हातात गेला आणि मी बशी सरकवेपर्यंत त्यावर साय धरून तो गार झाला. प्यायले नाहीत. मग उठले, श्रीदेवीपुढं हात केला, आणि अक्का, माझी बायको, जी माझ्याबरोबर सपाट जमिनीवर अडखळते, ती आमच्या शहाबादी फरशीवर अशी नाचली की तिच्या जोडव्यांचासुद्धा आवाज आला नाही. गाणं लावलेलं नव्हतं. नंतर म्हणाली, त्यांचा हात माठासारखा गार आहे हो, बरं वाटतं.

मी (मूर्खच की मी) कौतुकानं मोबाईलवर त्याचं शूटिंग केलं आणि शिवानीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "आई किती सुंदर नाचतेय! पण पप्पा, ती एकटीच का? तुम्ही कुठायत?" मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. श्रीदेवी गोल फिरतेय, एक हात हवेत कुणाच्या तरी खांद्यावर टेकलेला. दुसऱ्या दिवशी पायलला गाठून तिच्या आजोबांविषयी विचारलं, तर ती म्हणाली, काका, ते तुमचे वडील ना? मला वाटलं, तुमच्याबरोबरच येतात.

आपल्या अण्णांना जाऊन किती वर्षं झाली, आणि त्यांना सूट कुठला!

तेव्हापासून ते रोज येतात. निघताना दारात वळून म्हणतात, "येतो." आणि येतात! सगळी भानगड तिथंच आहे, हे मला उशिरा कळलं. आपल्यात 'जातो' म्हणायची सोयच नाही. 'जातो' म्हटलं की आई तोंडावर हात ठेवायची. मग जो 'येतो' म्हणूनच निघतो, त्याला घालवायचं कसं? मी आडून आडून पुष्कळ प्रयत्न केले. आपलं पुढं कुठं जायचं ठरलंय, म्हटलं. तर म्हणाले, इथंच. सरळ 'जा' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जन्मभर गिऱ्हाईकाला 'या, बसा' म्हणून म्हणून ती तशीच वळलीय. आणि घर तुमचंच आहे असं मीच म्हणून बसलोय.

श्रीदेवी हल्ली कमी जेवते. छान दिसते. हात लावला तर गार लागते. काल संध्याकाळी ते न्यायला आले, तिनं चपला घातल्या आणि दारातून अगदी सहज म्हणाली, "जाते हं."

अक्का, लग्न होऊन आल्यापासून ती कोपऱ्यावर कढीपत्ता आणायला गेली तरी 'येते' म्हणूनच गेलीय. मी ओरडलो, 'येते' म्हण! तर हसली, म्हणाली, बरं, तसं. पण शब्द काही उच्चारला नाही. मी अनवाणी धावलो, तिचा दंड धरला आणि क्लास संपेपर्यंत सोडला नाही. मला लई भीती वाटते गं. मला ही बाई पाहिजे. नाचता येवो न येवो, पाय तुडवून घ्यायला का होईना, पण पाहिजे.

भावजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभू

ता. क. : खरं काम हे की तू ताबडतोब निघून ये. आपल्या अख्ख्या घराण्यात पाहुण्याला तोंडावर 'ऊठ, चालता हो' म्हणायची धमक फक्त तुझ्यात आहे. (व्याह्यांना भरल्या ताटावरून उठवलंस, तेव्हा मी तुला नावं ठेवली होती. ते शब्द मागे घेतो.) मराठीत ऐकलं नाही तर कानडीत सांग, होगु म्हणावं.

आणखी ता. क. : दारात त्यांनी 'या' म्हटलं तर काही बोलू नकोस. सरळ आत ये.

अक्कांना श्रीदेवीचा नमस्कार. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून वाचलं. ह्यांचं काही मनावर घेऊ नका, गुडघे घेऊन कशाला धावपळ करता? ह्यांची बीपीची गोळी फ्रिजवरच्या पितळी डब्यात असते. ह्यांना कधी सापडत नाही, तेवढं रोज फोन करून सांगत जा. भाकरी झाकून ठेवलीय. हे दुपारचे झोपलेत, उठवलं नाही. पोस्टापर्यंत ते आहेत सोबत. बराय, जाते.