पांढऱ्या भुकटीच्या सिगार

४ फेब्रुवारी, मंगळवार
डोकं फिरलंय. सिगारच्या कारखान्याने नव्या कडक मालाची चव घ्यायला कासिमिरोला बोलावलं. कासिमिरो, माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून माझा कंपाद्रे, आणि अख्ख्या एस्तेलीत सगळ्यात बोथट जिभेचा माणूस. कॉफीत साखर घालतो की साखरेत कॉफी, कळत नाही. मला कोणी विचारलं नाही. आयुष्यभर या गावच्या पुरुषांच्या नाकाखाली कात्री चालवली, निम्म्या गावाचा धूर माझ्या सलूनमध्ये मुरलाय. निषेध म्हणून दुपारी सलून बंद ठेवलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. मंगळवारी तसंही कुणी येत नाही.

५ फेब्रुवारी
संकल्प. स्वतःचा साठा करायचा. काळ्या, जाड, छातीत ठोसा मारणाऱ्या सिगार. देवदाराची पेटी आणली. नीट मुरवणार, मग कासिमिरोला बोलावून चव म्हणजे काय ते शिकवणार. तोवर रोज एक ओढून जिभेला तालीम.

६ फेब्रुवारी, सकाळ
उपाशीपोटी ओढली. जाणकार असंच करतात. चव: मिरी, कातडं, जळका गूळ. मग घाम. मग संडास. माझी बायको नोएलिया म्हणाली, आधी चार घास खा, मग ओढ. कालचा राजमा शिळा असणार.
तालीम आठवड्यातून एकदा.

११ फेब्रुवारी
पेटी कपाटात ठेवलीय, नोएलियाच्या झग्यांमागे. हवा कोरडी. सिगार दाबली तर कुरकुरली, म्हणून आत ओला टॉवेल ठेवला. कासिमिरो दाढीला आला होता. म्हणाला, टॉवेल कशाला, जरासा दमट स्पंज पुरे. माझ्याच खुर्चीत बसून मला शिकवतो. घरी जाऊन दुसरा टॉवेल ठेवला.
त्याच्या मिशीची डावी बाजू आखूड झाली. त्याने मान हलवली असणार.

२० फेब्रुवारी
सिगारवर पांढरी भुकटी आलीय. उत्तम पानातलं तेल असंच वर येतं. मुद्दाम कासिमिरोला दाखवली. म्हणाला, कंपाद्रे, बुरशी आहे ही, पुसून बघ, डाग राहील. मी पुसली नाही. नोएलिया म्हणते, चर्चमध्ये शेजारच्या बाईने तिच्यापासून लांब सरकून बसायला सुरुवात केलीय. जळतात सगळे.
कासिमिरोला सांगितलं, रविवारी घरी ये. हिंमत असेल तर एखादा जाणकार साक्षीला आण.

२ मार्च, रविवार, दुपार
अक्षर वाकडं येतंय. रागाने.
कासिमिरो केळीच्या पानात उकडलेले गरम नाकातामाल घेऊन आला, बरोबर एक किडकिडीत माणूस, बेनिग्नो. कासिमिरो ओळख करून द्यायला लागला. मी म्हटलं, ओळख नंतर, आधी धूर. बेनिग्नोने सिगार हुंगली, खाली ठेवली, म्हणाला, मी ही ओढणार नाही, तुम्हीही ओढू नका. मी म्हटलं, ज्याला कडक झेपत नाही त्याने सरबत प्यावं. मग कारखानेवाल्यांना कडक म्हणजे काय ते कसं कळत नाही, यावर बोललो. चांगलं बोललो. धूर गिळायचा नसतो, तोंडात घोळवायचा असतो, हे सांगता सांगता गिळला. चव: ओलं पोतं. पुढे आठवत नाही.
डोळे उघडले तेव्हा अंगणात होतो, डोकं कासिमिरोच्या मांडीवर. तो मला साखर चारत होता. बादली बेनिग्नोने धरली होती. दोघं न जेवता गेले. कट होता हा.

३ मार्च
नोएलियाने सांगितलं. बेनिग्नो कारखान्यात चव घेणाऱ्यांचा प्रमुख. त्यांना आणखी एक माणूस हवा होता. कासिमिरो पहिल्या दिवसापासून माझं नाव लावून धरत होता, आणि काल बेनिग्नोला आणलं होतं ते माझी पारख दाखवायला. मी विचारलं, मग बोलला का नाही. ती म्हणाली, तू बोलू दिलंस का त्याला?

४ मार्च
कासिमिरोकडे गेलो. झापायचं ठरवून गेलो होतो. त्याने कॉफी दिली. म्हणाला, तिथे दिवसभर गप्प बसावं लागतं रे, कुणी ओळखीचं नाही, तू असतास तर बरं झालं असतं. जागा भरली का, विचारलं. भरली, म्हणाला. मिशीबद्दल काही बोलला नाही.
राग अजून आहे. कोणावर काढायचा ते ठरत नाही. थोडा वेळ सलूनमध्ये जाऊन बसलो. तिथे तिन्ही भिंतींना आरसे आहेत. परत आलो.