छत्तीस उलटा केला तरी

सोलापूर,
८ जानेवारी २०२५

प्रिय माले,

अनेक आशीर्वाद. अक्षर ओळखलंस ना? फोन केला असता, पण तू उचलला नसतास तर पुन्हा लावायचं धैर्य झालं नसतं.

इथे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गड्ड्याची तयारी चाललीय. नवी पेठेत रिक्षा शिरत नाही, तरी जाऊन चष्मा नवा करून आणला. शाळेतून निवृत्त झाले, पण कांदा चिरताना त्याचा पापुद्रा अजून उजेडाला धरून बघते. तू ओरडायचीस, "ताई, भाजी कर की! पेशी काय मोजतीस!"

परवा वैष्णवीकडे गेले होते. माझी विद्यार्थिनी; आता तिची स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे. मायक्रोस्कोपपाशी मी हट्टानेच बसले.

"मॅडम, तुम्ही नका बघू."

"का? डोळ्यापाशी दहाचं भिंग, खाली चाळीसचं. गुणाकार चारशे. मीच शिकवलंय की तुला."

"आणि उत्तर 'चारशे मिलिमीटर' लिहिलं म्हणून मार्कही कापलेत. पटीला एकक नसतं, मॅडम." हसली, पण माझ्याकडे न बघता.

जांभळ्या ठिपक्यांची दाटी होती. तिने छापलेल्या फोटोखाली '४०० पट' लिहिलेलं. सवयीने एका पेशीवर पट्टी ठेवली: आठ मिलिमीटर. भागिले चारशे. म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आईला नेलं ते एवढंसं होतं, माले.

ती काचपट्टी माझी होती.

छातीतली गाठ. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. वैष्णवीने विचारलं, "सख्खी बहीण आहे का? त्यांनीही तपासून घ्यायला हवं." मी "आहे" म्हणाले. किती वर्षांनी म्हणाले गं.

तुला आईला तुझ्याकडे अकलूजला न्यायचं होतं, मी इथल्या दवाखान्यातून हलू दिलं नाही. कोण बरोबर होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हापासून आपला छत्तीसचा आकडा.

त्यावरून आपल्या शाळेतली प्रयोगशाळा आठवली. मायक्रोस्कोपखाली सगळं उलटं दिसतं हे पटावं म्हणून सिस्टर बेनेडिक्टांनी वर्तमानपत्रातलं एक अक्षर कापून ठेवायला सांगितलं होतं. तू माझी वाट बघत तिथेच बसायचीस. सकाळीच आपलं रिबनीवरून वाजलं होतं, म्हणून तू मुद्दाम '३६'चे दोन आकडे सुटे कापून शेजारी ठेवलेस आणि भिंगाला डोळा लावून किंचाळलीस, "ताई, उलटा होऊनही छत्तीसच की गं! पाठीला पाठ!" सिस्टर बिचाऱ्या गोंधळल्या: "थर्टी-सिक्समध्ये हसण्यासारखं काय आहे?"

मग तूच चिमट्याने सहाचा तुकडा उचलून तिनाच्या अलीकडे ठेवलास. झाले त्रेसष्ट, समोरासमोर. तिनाला तू हातही लावला नव्हतास. एकानेच जागा सोडली तरी पुरतं, हे तेव्हा तुला कळलं होतं. मला आत्ता कळतंय.

ऑपरेशनला आली नाहीस तरी चालेल. तिळगूळही पाठवू नकोस. फक्त स्वतःची तपासणी करून घे, आणि "केली" एवढा एक शब्द कळव. लवकर सापडलं तर बरं होतं, असं वैष्णवी म्हणते. माझ्याबाबतीत ती असं म्हणाली नाही.

तुझ्याकडे तोंड करून बसलेली,
वैजूताई