सासऱ्यांच्या घोंगडीचं जाकीट

९ डिसेंबर, सोमवार
सुदर्शन आज शाळेत लोकरीचं जाकीट घालून आला. मूळच्या काळ्या लोकरीचं, रंग न दिलेलं, बिनबाह्यांचं. लोकर बेल्ह्याकडच्या मेंढ्यांची, विणकरही तिकडचाच. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी हात लावून पाहिलं. मी लावला नाही. (मधल्या सुट्टीत जाकीट खुर्चीवर होतं, तेव्हा लावला. खरखरीत आहे.)
हेडमास्तर म्हणाले, २६ जानेवारीला 'प्लास्टिकचे कपडे नकोत' या विषयावर सुदर्शन सर बोलतील. पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच, प्रत्येक धुण्याला त्याचे बारीक तंतू नदीत जातात, हे मी चौदा वर्षं भूगोलाच्या तासाला सांगतोय. तेव्हा कुणी भाषण ठेवलं नाही.
घरी रत्नाला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना शोभत असेल. उंच आहेत ना."
उंचीचा आणि लोकरीचा काय संबंध?

१० डिसेंबर, मंगळवार, पहाटे ५.४५
संकल्प. आजपासून अंगावर सिंथेटिक काही नाही. फक्त लोकर आणि सूत.

सकाळी ७.००
कपाट तपासलं. शर्ट सात, सगळे मिक्स. पँटी टेरिकॉट. स्वेटर ॲक्रिलिकचा. बनियन तेवढं शुद्ध सुती, पण बनियनवर शाळेत जाता येत नाही. संकल्प पुढच्या सोमवारपासून.

१५ डिसेंबर, रविवार
सुदर्शनसारखंच जाकीट शिवलं तर लोक म्हणतील कॉपी केली. मला त्याच्याहून अस्सल पाहिजे.
माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांची घोंगडी सापडली. सासरे, सावळेराम, तळेघरला भातलावणीला हीच घोंगडी डोक्यावरून घेऊन उभे असायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी ती रत्नाकडे जपायला दिली. तीन वर्षं नुसती पडून आहे. पडून राहणं म्हणजे नासाडी.
जाकीट शिवून रत्नाला सरप्राइज द्यायचं ठरवलं. सरप्राइज असल्यामुळे तिला विचारलं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार
कुंडलिक टेलरकडे गेलो. त्यानं घोंगडी उलगडली, परत घडी घातली. म्हणाला, "सर, ह्यं कापायची चीज न्हाई राव. पांघरायची हाय."
त्याला अर्धा तास पर्यावरण समजावलं. शेवटी म्हणाला, "तुमी मास्तर. तुमी म्हणताय तर कापतो." तीन सुया मोडल्या. ही अस्सलपणाची खूण. सुदर्शनच्या जाकिटाला एकही मोडली नसणार.

२१ डिसेंबर, शनिवार
जाकीट घालून शाळेत गेलो. चुलीच्या धुराचा वास येतो. मानेला खाज सुटते. म्हणून आतून थर्मल घातलं. ते पॉलिस्टरचं आहे, पण आतलं दिसत नाही, त्यामुळे धरायचं नाही.
सुदर्शन लांबूनच म्हणाला, "वा सर! ही तर जुनी, हातमागाची घोंगडी. अशी आता मिळत नाही." सगळ्यांसमोर. दुसऱ्याचं कौतुक करून स्वतः मोठं व्हायची ही त्याची जुनी पद्धत.
रत्नाला अजून दाखवलं नाही. जाकीट शाळेच्या कपाटातच ठेवतो. सरप्राइजची योग्य वेळ यायची आहे.

२८ डिसेंबर, शनिवार
वासाचा बंदोबस्त करायला जाकीट घरी आणलं. रत्ना बाजारात गेली तेवढ्यात मशीनला लावलं. गरम पाणी, पाऊण तास.
बाहेर निघालं ते पुठ्ठ्यासारखं कडक आणि एवढंसं. एक हात जातो. दुसरा जात नाही. एक टोक खिडकीच्या गजाला बांधून ताणून पाहिलं. गज हलला.
मशीनच्या मागे ठेवलं आहे. तात्पुरतं.

३० डिसेंबर, सोमवार
सुदर्शन त्याचं जाकीट गार पाण्यात, रिठ्यानं, हातानं धुतो म्हणे. हे आज कळतंय. आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

१२ जानेवारी, रविवार
सासूबाई, म्हणजे गोजरबाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या आहेत. काल ते झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं मुळातच कमी दिसतं. आठ दिवस आमच्याकडेच.
संध्याकाळी म्हणाल्या, "रत्ने, तुज्या बाचं घोंगडं काढ. तुमचं ह्यं ब्लांकेट लई गुळगुळीत. ऊबच न्हाई."
रत्ना माळ्याकडे निघाली. मी म्हणालो, घोंगडी सुदर्शननं नेलीय, भाषणात दाखवायला. तोंडातून आपोआप गेलं.
रत्ना म्हणाली, "मला न विचारता?"
मी म्हणालो, तो तसाच आहे.
तिनं तिथेच त्याला फोन लावला. स्पीकरवर. तो म्हणाला, "हो वहिनी, चुकलंच माझं. उद्या आणून देतो."
त्याला कुणी सांगितलं होतं खोटं बोलायला?

१३ जानेवारी, सोमवार
सुदर्शन स्वतःची घोंगडी घेऊन आला. सासूबाईंना दिसत नसल्यामुळे मी निश्चिंत होतो.
त्यांनी घोंगडीच्या काठावरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. म्हणाल्या, "ह्यं आमचं न्हाई. आमच्याला शेकोटीची ठिणगी पडून भोक पडलं व्हतं. म्या तांबड्या दोऱ्यानं शिवलं व्हतं." मग सुदर्शनकडे तोंड करून म्हणाल्या, "पर लेका, ऊब हाय. बस. च्या घेऊन जा."
तो बसला. मला कुणी बस म्हणालं नाही.
तो गेल्यावर रत्ना काही विचारेल म्हणून थांबलो. तिनं विचारलं नाही. मीच मशीनच्या मागून जाकीट काढून दिलं. तांबडा दोरा नेमका छातीवर आला होता. तिथे छान दिसतो, असं म्हणणार होतो.
सासूबाईंनी अंगठ्यानं दोरा चाचपला. म्हणाल्या, "शेवटच्या दिशीबी त्यास्नी ह्येच पायजे व्हतं." आणि जाकीट मांडीवर ठेवून बसून राहिल्या.
कुणी ओरडलं नाही. ओरडलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं.

२० जानेवारी, सोमवार
सासूबाई तळेघरला गेल्या. जाताना जाकीट पिशवीत भरलं. मी म्हणालो, राहू द्या, त्याचा आता काय उपयोग. त्या म्हणाल्या, "लोकर हाय, जावयबापू. व्हईल कायतरी."
स्टँडवर सुदर्शननं गाडीतून सोडलं. पिशवी त्यानं धरली, खिडकीची सीट त्यानं पकडली. मी मागून रिक्षानं गेलो. बस सुटली होती.
रत्ना सध्या कामापुरतं बोलते. 'गॅस संपला' हे आजचं वाक्य.

२६ जानेवारी, रविवार
सुदर्शनचं भाषण झालं. विशेष नव्हतं. लोकांना आवडलं.
मी ॲक्रिलिकचा स्वेटर घालून मागे बसलो. रत्ना पहिल्या रांगेत होती. माझ्याबद्दल तो काही तरी बोलेल म्हणून तयारीत होतो. एक शब्द बोलला नाही. उत्तराची चार पानं खिशातच राहिली.
टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरवलं होतं. हात गारठले होते म्हणून वाजवल्या.

२ फेब्रुवारी, रविवार
मेहुण्यानं, सुनीलनं, तळेघरहून फोटो पाठवला. गाय व्यायली. वासरू अगदी बारीक, आणि तिकडे गारठा मरणाचा. सासूबाईंनी जाकीट वासराला चढवलंय. पुढचे दोन्ही पाय बरोबर मुंढ्यांतून बाहेर. कुठे तंग नाही, कुठे ढगळ नाही. सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघालीय. त्या वासराला धरून बसल्यात आणि हसतायत.
फोटो बघून रत्ना हसली. तीन आठवड्यांनी. मला वाटलं, आता बोलेल. मी जवळ जाऊन बसलो.
तिनं वासराचा फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीला लावला. सोळा वर्षं झाली लग्नाला. तिथे माझा फोटो कधी लागला नाही.